सल्ला द्यायचा नाही

त्याने मला डोळा मारला, तेव्हा मी आई गेल्याचं सांगत होते.

म्हणजे सांगायला नुसतं तोंड उघडलं होतं. लॅपटॉपवर चौकोनाचौकोनांतून ओळखीचे चेहरे बघत होते, आणि खालच्या कोपऱ्यात एक नवा — विस्कटलेले केस, मागे पुस्तकांची वेडीवाकडी चळत. त्याचा डावा डोळा मिटला... आणि मिटलेलाच राहिला. उजवा माझ्यावर रोखलेला. वर ओठ वाकडे करून हसणं!

"अहो, कोपऱ्यातले," मी म्हणाले, "इथे माणसं दुखण्याने टेकीला आलेली असतात. डोळे कसले मारताय?"

मग तो जरा नाकातून म्हणाला, "डोळा मारायला स्नायूंत जोर लागतो हो. माझा नुसता पडतो."

आधी ट्रकवाले काका हसले, मग सगळेच. मीही हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडू आलं, आणि सांगायचं ते त्यातच सांगून झालं.

दुर्मीळ स्नायुविकार असलेल्यांची ही रविवारची ऑनलाइन बैठक आईने सुरू केली होती. तिचे स्नायू वर्षानुवर्षं झिजत गेले. जिभेची धार मात्र शेवटपर्यंत शाबूत. सगळे तिला हेडबाई म्हणत, आणि माझ्या चौकोनाखाली अजून तेच नाव झळकत होतं. तिचा नियम एकच — इथे सल्ला द्यायचा नाही. आपण स्वतः काय केलं, तेवढंच सांगायचं. "सल्ले द्यायला अख्खं जग बसलंय, तेही फुकटात," ती म्हणायची.

मी निरोप घ्यायला आले होते. तसं म्हणालेही.

"आणि बैठक कोण चालवणार, पोरी?" काकांनी विचारलं. आयुष्यभर ट्रक हाकलेल्या त्यांच्या हातांना आता कपही पेलत नाही.

"काका, मला थोडंच काही झालंय?"

"आई गेली. आणि म्हणे काही झालं नाही."

मी राहिले.

कोपऱ्यातला तो गणिताचा मास्तर होता. त्याला मायस्थेनिया होता. स्नायू वापराल तसे दमत जातात, विसावा दिला की थोडे सावरतात. सकाळी वर्गावर तो खणखणीत असायचा. दुपारपर्यंत पापणी उतरायची, संध्याकाळी आवाज. आणि हसायला गेला की ओठांची टोकं वर जायचीच नाहीत, चेहरा गुरगुरल्यासारखा दिसायचा.

"मुलांना वाटतं, मी चिडलोय," तो सांगायचा. "वाटू दे. वर्ग शांत राहतो."

बैठक संपली की एकेक चौकोन विझायचा. आमचे दोन उरायचे... दर रविवारी, अगदी योगायोगाने.

"तुमच्या पापणीचा बंदोबस्त करता येईल," मी एकदा म्हणाले. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासणं आणि फ्रेमा जोडणं हे माझं काम. "फ्रेमला आतून एक बारीक तार बसवायची. पापणी तिच्यावर टेकते."

"म्हणजे कुबडीच की."

"फळी म्हणा."

"फळीवर मांडायचं काय?"

"नजर. आणि ती जरा सरळ ठेवायची."

तो गुरगुरला. मला आता ते हसू ओळखता येत होतं.

"माप घ्यायला दुकानात यावं लागेल," मी म्हणाले.

"किती जवळून घेता माप?"

"श्वास रोखावा लागतो, इतक्या जवळून."

"कोणी?"

मी लॅपटॉप मिटला.

तो आला. खुर्चीत मान मागे टेकून बसला. मी पट्टी घेऊन वाकले. त्याच्या पापण्या थरथरल्या. त्याच्या शर्टाला खडूचा वास होता. चुकू नये म्हणून मी पुन्हा माप घेतलं. आकडा तोच आला. तरी आणखी एकदा घेतलं.

"गणितात याला पडताळा म्हणतात," तो डोळे मिटून म्हणाला. "एकदा पुरतो."

घरी मात्र मावशी वाट बघत होती, तीही फोटोसकट. "स्थळ चांगलं आहे. मुलगा धडधाकट. अगं, आत्ता कुठे सुटलीस, आता तरी जगून घे!"

सुटलीस. आई गेल्यापासून हा शब्द दारात येईल तो मला देऊन जात होता. मी कुठे अडकले होते? आमच्या घरात वाचन व्हायचं, भांडणं व्हायची, हसून हसून ठसका लागायचा. चाकाच्या खुर्चीने फरशीवर काळे पट्टे उमटले आहेत. ते मी अजून पुसलेले नाहीत.

मी मास्तराबद्दल सांगितलं, तेव्हा दादाने फोनवर तेच जरा सभ्यपणे ऐकवलं. "इतकी वर्षं आईच्या उस्तवारीत गेली तुझी. आता पुन्हा कुणाच्या गोळ्या सांभाळायच्या?"

"गेली नाहीत, दादा. जगले मी ती वर्षं."

त्यांच्याशी मी कितीही भांडले असते. पण दादाने मास्तरालाही गाठलं, आणि त्याचा मला फोन आला.

"तुमचे दादा खोटं बोलत नाहीयेत," तो म्हणाला. आवाज दमलेला होता. "माझा श्वास एकदा अडकलाय. मशीन लावावं लागलं होतं. पुन्हा लागेल. तुम्ही हे सगळं एकदा पाहिलंय... दुसऱ्यांदा नको. तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. चष्मा कुरिअरने पाठवा."

कुरिअरने!

रविवारी त्याचा चौकोन काळा होता, पण होता. मी घसा साफ केला.

"आज अडचण माझी आहे. मला एक माणूस आवडतो. त्यालाही मी... असं वाटतं. पण माझ्या भल्यासाठी तो नको म्हणतो."

सगळे काळ्या चौकोनाकडे बघायला लागले. कॅमेऱ्यातून तसं कळत नाही, पण कळलं.

"सल्ला नाही देत. आपलं सांगतो," काका म्हणाले. "दुखणं कळलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, माहेरी जा, तुझं भलं होईल. ती म्हणाली, माझ्या भल्याचा ट्रक मी चालवीन, तुम्ही क्लीनरच्या सीटवर गप बसा."

मागून आवाज आला, "बसलेत अजून! गप तेवढे बसत नाहीत."

मग कॉलेजातली मुलगी बोलली. तिने नाकावरचा श्वासाचा मास्क बाजूला केला. "मी एकाला नको म्हटलं होतं. त्याच्या भल्यासाठीच. त्याने ऐकलं. त्याचं भलं झालं असेल. मी अजून त्याचे जुने मेसेज वाचते."

तिने मास्क परत लावला.

"मास्तर," मी म्हणाले, "आता तुमची पाळी. नियम माहीत आहे ना? मी काय करावं, ते सांगायचं नाही. तुम्ही काय केलंत, ते सांगा."

काळा चौकोन तसाच राहिला... मग उजळला. पापणी पार उतरलेली.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "आणि त्याला 'हिचं भलं' असं नाव दिलं."

"चष्मा तयार आहे," मी म्हणाले. "कुरिअर बंद आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो दुकानात आला. आणि नेमकी त्याच दुपारी फोटो घेऊन मावशीही आली. ती बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली. मी त्याला मागच्या खोलीत नेलं.

तार थोडी वाकवली, फ्रेम त्याच्या कानांवर चढवली, पापणी अलगद तारेवर टेकवली. दोन्ही डोळे उघडे. दुपारच्या उजेडात मी ते पहिल्यांदाच एकत्र बघत होते. तपकिरी होते.

"काय दिसतंय?"

"दोघी," तो म्हणाला.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या दुखण्यात डोळे फिरवणारे स्नायूही दमतात. दोन्ही डोळे उघडले की एकाचं दोन दिसतं. पडलेल्या पापणीने इतके दिवस ते झाकून ठेवलं होतं.

"काढते. एका काचेला पट्टी लावली की —"

त्याने माझं मनगट धरलं. पकड इतकी हलकी, की मी सहज हात सोडवून घेतला असता.

"राहू दे जरा. दोघी रागावलेल्या दिसताहेत."

"आहेतच."

"मला त्यांतल्या एकीला विचारायचंय. जन्मभर माझ्याशी भांडाल का? उद्याची खात्री देता येणार नाही. आजचीही संध्याकाळपर्यंतचीच." त्याची नजर इकडून तिकडे गेली, मग त्याने मनाशी काही ठरवलं आणि पुन्हा विचारलं — माझ्या कानाशेजारच्या रिकाम्या हवेला.

मी त्याची हनुवटी धरली आणि चेहरा माझ्याकडे वळवला.

"मी इथे आहे. आणि खात्री धडधाकटांकडे तरी कुठे असते? विचार पुन्हा. आणि मोठ्याने — बाहेर मावशी बसली आहे."

त्याने विचारलं. नाकातून, पण मोठ्याने. शेवटच्या शब्दावर आवाज बसला. तो थांबला, दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. बाहेरचा बाक करकरला.

माझं 'हो' मात्र पार रस्त्यापर्यंत गेलं असणार.