चारुदत्तचा डावा हात

टोपी आणायची होती, एवढंच काम.

ऐका रे पोरांनो. चारुदत्त माझ्याच बँकेतला, इथे सिंगापुरात बुकित बातोकला राहतो. उगाच काहीबाही सांगणारा माणूस नव्हे. दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात तो बायकोला, नीताला, आणि पाच वर्षांच्या लेकीला, इराला, घेऊन कोरियातल्या सोल शहरात गेला होता. एकोणीस तारीख, शनिवार. दिवसभर त्यांनी तिथला जुना राजवाडा पाहिला. भाड्याचा कोरियन पोशाख घालून इरा मागच्या बागेत दमेपर्यंत बागडली. साडेपाचला बाग बंद होणार म्हणून सगळे दाराशी आले, तर तिची टोपी आतच राहिलेली.

"तळ्याकाठच्या मंडपात असेल. पटकन आण, नाहीतर रडेल ती," नीता म्हणाली.

चारुदत्त परत आत गेला. झाडांखाली अंधारून आलं होतं. टोपी मंडपाच्या पायरीवर सापडली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत तो वळला, तर मागे बारीक पावलं वाजली. इरा आली असणार. त्याने न बघताच डावा हात मागे केला.

"चल गं, आई वाट बघतेय."

चिमुकल्या हाताने त्याची दोन बोटं धरली. हात गार होता, पण हवाच गार होती. फोनवर बोलत तो पाच-सात मिनिटं तसाच चालला.

दाराशी बाकावर नीता बसली होती. तिच्या मांडीवर इरा. गाढ झोपलेली.

चारुदत्तने खाली पाहिलं.

कुणी नव्हतं...

नीताला तो काही बोलला नाही. मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी ते सिंगापूरला, चांगी विमानतळावर उतरले. टॅक्सीवाल्या अंकलने मागे वळून पाहिलं.

"टू किड्स, आह? बोथ मस्ट बेल्ट अप."

नीता हसली. चारुदत्त नाही.

घराखाली लिफ्टकडे जाताना त्याने इरासमोर हात धरला. तिने घेतला नाही.

"बाबा, दॅट हँड टेकन ऑलरेडी लाह."

"कुणी... कुणी धरलाय?"

इराने त्याच्या कमरेपाशी पाहिलं.

त्या रात्री त्याने नीताला सगळं सांगितलं. तिने झोपलेल्या इराचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आई वाट बघतेय म्हणालास तू. ते लेकरू खरं मानून आलं. आता तूच पोचवून ये."

शुक्रवारी तो एकटाच विमानात बसला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच मंडपात उभा राहिला. डावा हात उघडला.

"बाळा, माझी चूक झाली. मी माझ्या लेकीला बोलावलं होतं. तू इथेच थांब..."

वारा नव्हता. पाणी हललं नाही. बोटं मात्र हलकी झाली. मागे न बघता तो बाहेर आला, आणि दाराबाहेर उभा राहून ढसाढसा रडला.

घरी इराने धावत येऊन तोच हात धरला. सुटलो, असं वाटलं दोघांना.

जानेवारीत इराचा वाढदिवस. दरवर्षीसारखी तिची उंची चौकटीवर नोंदवायला नीता पेन्सिल घेऊन खोलीच्या दाराशी गेली. आणि तिथेच थांबली.

"चारू... इकडे ये."

चौकटीवर एक आडवी खूण होती. इराच्या खांद्याएवढ्या उंचीवर.

पेन्सिलीची नाही. नखाने ओढलेली.

खाली फरशीवर रंगाचा चुरा पडला होता...

ताजा.