एकतिसावा टेकू

बसा जवळ. दिवा असू दे तसाच. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो धाकटा माझ्याच तुकडीतला. मी गाडी चालवायचो, तो मिक्सरवर काँक्रीट कालवायचा. तुकडी लष्कराची, पण बंदूक नावालाच. आमचं काम रस्ते करायचे, पूल बांधायचे. धाकट्याचा थोरला भाऊ पुलाच्या देखरेखीला होता. हा त्याला दादा म्हणायचा, मग सगळी तुकडीच दादा म्हणायला लागली.

दादाचं काम सोपं दिसायचं. दिवसभर बांधकामावर नजर ठेवायची आणि संध्याकाळी अहवाल लिहायचा. आज काय ओतलं, कशाला किती दिवस हात लावायचा नाही. कार्बन घालून दोन प्रती. खालची प्रत वहीत राहायची, वरची अण्णाकडे जायची. अण्णा आमचा कारकून. तो अहवाल टाइप करून साहेबांची सही घ्यायचा. दादाचा जिवलग, दोघे एका ताटात जेवायचे. धाकट्याची शाळा दुसरीतच सुटलेली, त्याचे भरतीचे कागदसुद्धा अण्णानेच भरले होते.

दादाची एक खोड होती. रोज झोपायच्या आधी तो स्लॅबखाली जाऊन एकेक लोखंडी टेकू हातोडीने वाजवायचा. भार पेलणारा टेकू खणकन वाजतो. सैल झालेला खडखडतो.

"निघाले डॉक्टर नाडी बघायला," अण्णा म्हणायचा.

"तुझीपण बघतो, थांब जरा," दादा म्हणायचा.

मग नको ते झालं. स्लॅब ओतून अकरा दिवस झाले होते. कच्चाच होता. तरी अर्ध्या पुलाचे टेकू काढायचा हुकूम सुटला. दादाला कळलं तेव्हा काम सुरू झालेलं. तो माणसांना बाहेर काढायला आत धावला. माणसं निघाली. स्लॅब कोसळला, तो नाही निघाला.

चौकशी लागली. टाइप केलेल्या अहवालात एक ओळ होती, टेकू काढायला हरकत नाही. खाली नाव दादाचं. म्हणजे पूल दादानेच पाडला, असं ठरणार. वहिनीने दाराबाहेर पडणं सोडलं. धाकटा ज्याला त्याला सांगत सुटला, माझा भाऊ असं लिहिणारच नाही. एकाची तर त्याने कॉलर धरली. अण्णानेच त्याला मागे ओढलं.

"मी आहे ना वेड्या," अण्णा म्हणाला. "उद्या मी बोलतो साहेबांपुढे."

ही मंगळवारची गोष्ट, एकोणीस तारखेची. रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी अण्णा पुन्हा त्याच्याकडे आला. "चौकशीला पातळी मोजायची दुर्बीण हवी आहे. पुलाजवळच्या कामाच्या खोलीत आहे. दादाची किल्ली तुझ्याकडेच ना? चल, जाऊन येऊ."

दोघे चालत गेले. वाटेत अण्णाने दादाचे किस्से सांगितले. धाकटा कितीतरी दिवसांनी हसला.

त्याने कुलूप काढलं. दुर्बीण समोरच तिपाईवर होती. अण्णाने तिच्याकडे पाहिलंही नाही. सरळ दादाच्या टेबलाशी गेला, खण ओढला, कार्बनची वही बाहेर काढली.

"ते काय, अण्णा?"

"काही नाही. रद्दी."

बॅटरी धाकट्याच्या हातात होती. उजेडात दादाचं अक्षर दिसलं. घाईचं, जोडून लिहिलेलं अक्षर त्याला लागत नव्हतं, पण आकडा लागला. एकवीस. त्याच्याखाली दोन रेघा. एकवीस दिवस हात लावायचा नाही.

"अण्णा... ते पान दे मला."

अण्णाने पान फाडलं. चार तुकडे केले, खिशात घातले.

"साहेबांना तारीख गाठायची होती रे. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. दादा तर गेलाच. आता मी कशाला मरू?"

 

तेवढ्यात आवाज आला.

खण्.

पुलाखालून. उभ्या राहिलेल्या अर्ध्या स्लॅबखालून.

खण्... खण्...

"पहारेकरी असेल," अण्णा म्हणाला.

पहारेकऱ्याकडे हातोडी कुठली?

त्या बाजूला तीस टेकू होते. धाकटा मोजू लागला. आवाज जवळ येत होता. घाई नाही. एक वाजायचा. थांबायचा. दुसरा वाजायचा. अठ्ठावीस... एकोणतीस...

तीस.

मग काही नाही.

 

मग एकतिसावा. खोलीत. अगदी अण्णा उभा होता तिथून...

तो खणकन वाजला नाही. खडखडला.

अण्णा पळाला. धाकटा बॅटरी धरून उभाच.

"दादा?"

...

दुसऱ्या दिवशी अण्णाने शपथेवर सांगितलं, कार्बनची वही कधी नव्हतीच. अधिकाऱ्यांनी धाकट्याला विचारलं, तू पाहिलेल्या पानावर काय लिहिलं होतं? तो म्हणाला, एकवीस. आणखी? आणखी त्याला वाचता आलं नव्हतं.

"पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, साहेब," अण्णा म्हणाला आणि त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळून घ्या त्याला."

दादाच्या नावावर ठपका बसला. कागद बंद झाले.

चौकशीच्या दुसऱ्या सकाळी अण्णाने खोलीचं दार उघडलं नाही. कडी आतून होती. आम्ही दार फोडलं, मी पुढे होतो. अण्णा कोपऱ्यात गुडघे धरून बसलेला. अंगावर ओरखडा नाही. पण तेव्हापासून तो बोलला नाही, आजतागायत.

खोलीच्या मधोमध लोखंडी टेकू उभा होता. जमिनीपासून छपरापर्यंत, करकचून आवळलेला. तो काढायला कुणी हात लावेना.

मी पान्याने वाजवून पाहिला. खणकन वाजला. असा वाजला, जसा काही अख्खा पूल त्याच्यावर आहे.

मी शिडी लावून वर चढलो. छप्पर नुसत्या पत्र्याचं. टेकू टेकला होता तिथे साधा पोचासुद्धा नव्हता. आणि पत्र्यावर... काहीच नव्हतं.