बेटावर कुणीच आजारी नव्हतं

त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली, तरी आठवली की तिला आधी हसूच येतं. हसण्यासारखंच होतं म्हणा! बेटावर उतरताना पाय सटकला आणि बाईसाहेब थेट होडीवाल्याच्या अंगावर.

“सावकाश,” तो म्हणाला. “इथे डॉक्टर नाही.”

तेच तर पाहायला ती आरोग्य खात्याकडून आली होती. तिच्या अहवालावर बेटाला नर्स मिळणार की नाही, हे ठरणार होतं. आठ दिवसांत चाळीस घरं झाली. ‘महिन्याभरात घरात कुणी आजारी होतं?’ सगळीकडे एकच उत्तर – नाही.

“काय ठणठणीत लोक आहेत तुमचे!” परतीच्या होडीत ती म्हणाली.

त्याचा वल्ह्यावरचा हात थांबला. “ठणठणीत? अहो, होडीत आडवं घालून पलीकडे न्यावं लागतं, त्यालाच आम्ही आजारी म्हणतो. बाकीच्यांचं नुसतं अंग मोडून आलेलं असतं. माझी आई दोन वर्षं खोकत होती... आजारी म्हणाल, तर एकच दिवस.”

तिनं मिटलेली वही पुन्हा उघडली.

“होडी फिरवा.”

“आणि तुमचे वरचे साहेब रागावले तर?”

“फिरवा म्हणते ना!”

मग तीन आठवडे दोघं पुन्हा दारोदार. खोकला किती दिवस, ताप कधीपासून... ती लिहायची, तो तिच्यावर छत्री धरायचा आणि स्वतः मेला उन्हात भाजून निघायचा. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं, कळलंच नाही. बेटावरच्या म्हाताऱ्यांना मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं!

निघताना ती म्हणाली, “चल ना माझ्याबरोबर... मला नाही करमायचं तुझ्याशिवाय.”

“मला तरी कुठे करमणार आहे? पण मी गेलो, तर या माणसांना पलीकडे कोण नेईल? नर्स येऊ दे. त्याच दिवशी निघतो.”

“मग मी भराभर लिहिते.”

पंधरा दिवसांत तिनं अहवाल दिला. नर्स यायला सात वर्षं लागली. पाच वर्षं तिनं स्थळं परतवली. मग वडील अंथरुणाला खिळले आणि तिनं मान तुकवली. त्याला कळवायचा धीर मात्र झाला नाही.

एके दुपारी बेल वाजली. दारात तो, इस्त्रीच्या शर्टात. तिच्या कडेवर बाळ.

तो बाळाकडे बघत राहिला.

“नर्स आली,” तो म्हणाला. “चांगल्या आहेत बाई. आता खोकल्यानं कुणी जायचं नाही... तुला सांगावंसं वाटलं.”

“आत ये ना.”

“नको गं. होडी आता दुसऱ्याच्या हाती दिलीय, शेवटची खेप चुकेल.”


त्यानं बाळाच्या गालाला बोट लावलं आणि जिना उतरला. ती दारातच बसून रडली, अगदी हमसून हमसून.