गळालेला एक

सोलापुरातल्या त्या गिरणीत कॉम्प्युटर आला अठ्ठ्याहत्तर साली, आणि शिवशरण त्याच्यावर असा काही जीव टाकू लागला की त्याची बायको काशम्मा मशीनला सवत म्हणायची. गडी देव मानत नव्हता, भूत तर लांबच राहिलं. बिघाड झाला की त्याला कारण असतंच, ते शोधायचं, एवढंच त्याला ठाऊक. या जगात त्याचं म्हणून माणूस होतं ते एक काशम्माच.

त्या एप्रिलात मशीनला मेमरीचं दुसरं कपाट जोडलं आणि घोटाळा सुरू झाला. नव्या कपाटात पाठवलेले आकडे तिथे पोचायचेच नाहीत. उलट जुन्या कपाटातला भलताच हिशेब पुसून जायचा. दुपारच्या सुट्टीत शिवशरण वायरी तपासत बसला होता, तेव्हा त्याला खोड सापडली. शेजारी पंखा दुरुस्त करणाऱ्या मडिवाळप्पा फिटरला तो खुशीत सांगू लागला.

"आपल्या चाळींचंच घ्या. जुन्या चाळीत खोल्या एक ते पन्नास. नव्या चाळीत एकशे एकपासून पुढं. आता पोस्टमनला दोनच आकडे वाचता येत असले तर? एकशे पाचचं पत्र तो कुठं टाकील?"

"पाचात."

"तसंच. हे कार्ड वाचणारं यंत्र माहिती थेट मेमरीच्या खणात नेऊन टाकतं. पण ते जुनं आहे. मोठ्या नंबराचा सुरुवातीचा आकडा न्यायला त्याला वायरच नाही. तो एक वाटेतच गळतो."

मडिवाळप्पा शिडीवरून खाली उतरला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"शिवशरणप्पा, एकशे पाचातला कुंडलिक. डॉक्टरांनी हात टेकले हुते. त्यो उठून भाकरी खायला लागला. आन् त्याच घटकेला पाचातला श्रीमंत गेला. कापसाची गाठ एकटा उचलायचा त्यो. नळावर उभ्याउभ्या गेला."

"योगायोग."

"एकशे एकवीसातली सोजरबाई? ती बी उठली की. आन् एकवीसातली गोजाबाई चुलीपुढंच लवंडली. तिला साधं पडसं न्हवतं."

शिवशरण हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

"आज एकशे बारात दगडाबाईला घरघर लागलीया," मडिवाळप्पा खाली बघत म्हणाला.

शिवशरणची खोली बारा नंबरची होती. आणि काशम्मा आत्ता तिथं एकटी होती.

हे खुळ्यासारखं आहे, असं मनाशी म्हणत तो गेटातून बाहेर पडला आणि पुढच्या क्षणी धावत सुटला. ऊन भाजून काढत होतं. जुन्या चाळीच्या ओट्यांवर चादरी वाळत होत्या. काशम्मा उखळात शेंगाचटणी कुटत होती. मुसळाचा आवाज ऐकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ऊठ. बाहेर चल."

"अवो, झालं तरी काय? जेवायला बसा की."

"काही विचारू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे."

तिचा हात धरून त्यानं तिला आवारातल्या लिंबाखाली नेऊन उभं केलं. न्यायला येणाऱ्याला येऊ दे, त्याला खोली रिकामी सापडू दे. दाराला कुलूप घातलं की झालं. कुलूप कोनाड्यात होतं. तो परत आत गेला.

आतल्या अंधारात त्याला काही दिसेना. चटणीचा खमंग वास कोंडला होता. कोनाड्यात हात घालून त्यानं चाचपलं. काडेपेटी लागली, फणी लागली, मग थंड कुलूप हाताला लागलं.

तेवढ्यात नव्या चाळीतून कुणी बाई ओरडली.

"अगं या गं समद्या, दगडाबाई उठून बसली! च्या मागतीया!"

खोली रिकामी नव्हती. खोलीत तो स्वतः होता.

दार चार पावलांवर होतं. त्यानं पाऊल उचललं.

बाहेर लिंबाखाली काशम्मा कुणाशी तरी बोलत होती. पाहुण्याशी बोलावं तसं, अदबीनं.

"बारा नंबर न्हवं? हीच की. जावा, घरातच हायेत."

उंबऱ्यावरचं ऊन गेलं.