दोन सुरांची लाट

गाँगचा आवाज खऱ्या गाँगवरून उचलायचा नाही, शून्यातून घडवायचा, अशी पाक दार्सोनोंची अट होती. पाक म्हणजे काका; ते आमच्या लग्नांत वाजवणाऱ्या संचाचे म्होरके. माझे वडील, बापाक, त्याच संचात चाळीस वर्षं मोठा गाँग, टांगलेली काशाची जाड थाळी, वाजवत. अर्धांगवायूनं ते आडवे झाले आणि गाँगची जागा सिंथेसायझर वर्कस्टेशननं, हवा तो आवाज घडवणाऱ्या कळफलकाच्या यंत्रानं घ्यायची, वाजवायचं मी, असं ठरलं. मी मोजून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी बाई. दर गुरुवारी गाँगपुढे फुलं ठेवणाऱ्या बापाकना मी जन्मभर चिडवत आले होते.

आमच्या क्लातेन गावातल्या घरात पुढच्या खोलीत यंत्र, मधे कापडी पडदा आणि पलीकडे बापाकची खाट.

"एकटा सूर नुसता गुणगुणतो," लवंगेची सिगरेट विझवत पाक दार्सोनो म्हणाले. "त्याच्या शेजारी दुसरा ठेव, किंचित खाली. दोघं एकमेकांना घासले की लाट उठते."

मी बटण फिरवत गेले. लाट उठली. चार सेकंदांना एक.

"पोरी, हा गाँग आहे की झोपलेली म्हैस? जरा पळव की!"

पण माझ्या कानाला तीच बरोबर वाटत होती. आवाज साठवताना यंत्र नाव विचारतं. मी गमतीनं लिहिलं, क्याई मार्तोयो. क्याई हा मान जुन्या, पूजेतल्या गाँगचा. मार्तोयो हे बापाकचं नाव.

पाक दार्सोनोंचं हसू मावळलं. "जित्या माणसाचं नाव गाँगला देतात का गं? पूस आधी."

"पुसते हो," मी म्हणाले. पुसलं नाही.

मंगळवारी डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. त्या दुपारी मन कुठे लागेना म्हणून मी यंत्रापुढे बसले. कळ दाबली. पडदा वाऱ्यानं सरकला होता. बापाकच्या अंगावरची चादर लाटेबरोबर वर येत होती, लाटेबरोबर खाली जात होती.

योगायोग, मी म्हटलं. मोबाइलवर वेळ लावून मोजलं. मग लाट थोडी जलद केली. बापाकना धाप लागली. घाईघाईनं मागे आणली. आवाज पूर्ण बंद करून पाहिला, त्यांना काही ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तेच.

आवाज परत आणला. तो विरत चालला तसा श्वासही बारीक होऊ लागला. आवाज विरायला किती वेळ लागावा, तो आकडा मी शोधला आणि आवाज विरूच नये इथपर्यंत सरकवला. कळ दबलेली राहावी म्हणून फटीत पुठ्ठ्याची पाचर ठोकली.

दोन दिवस गेले. सहा आठवडे गेले. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे, जायचे. पाक दार्सोनोंनी संचासाठी दुसरीकडून यंत्र आणलं. बापाकच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. डावा हात तेवढा हलायचा. रोज दुपारी ते तो उचलत, गाँगचा दांडा धरल्यासारखी मूठ वळत आणि खाली सोडत.

मला कळत होतं. आमच्याकडे मोठ्या गाँगचा टोला पडल्याशिवाय आवर्तन पुरं होत नाही. चाळीस वर्षं सगळ्यांची आवर्तनं पुरी करणारा हा माणूस माझ्याकडे एक टोला मागत होता आणि माझ्याच्यानं तो देववत नव्हता. माझी मला लाज वाटत होती.

काल दुपारी यंत्रापुढे मोगऱ्याची फुलं ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. पाचर काढली, यंत्र बंद केलं.

पडद्यापलीकडे श्वास चालूच होता.

मी रडले, हसले. सगळे माझ्याच मनाचे खेळ! जाऊन खाटेवर बसले. बापाक यंत्राकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

लाटेला दोन सूर लागतात.

मी श्वास रोखला.

चादर थांबली.

तिसापर्यंत मोजलं. त्यांचे ओठ निळे पडत होते. मला राहवेना, मी श्वास घेतला.

चादर वर आली. बापाकनी डावा हात उचलला, मूठ वळली आणि गाँगवर टेकवावी तशी हलकेच माझ्या छातीवर टेकवली.