कोरडवाहूचे दोन तारे

पत्र्यावर श्रावणाची रिपरिप चालू होती, आणि वर्षालीची गोष्ट गावाच्या वेशीतच अडून बसली होती. अडवली होती एका उंचेल्या तरुणानं... ते सुद्धा अगदी शांतपणे.

खेळ तसा साधा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि पेच आला की फासे टाकून पुढचं ठरतं. गोष्टीचा आराखडा आधीच कुणीतरी लिहिलेला असतो. त्याला हे लोक मोहीम म्हणतात, आणि हल्ली ती ऑनलाइन विकत मिळते. ‘जिनिंगचा राखणदार’ ही कापसाच्या जुन्या गिरणीतल्या भुताची मोहीम खुद्द वर्षालीनं लिहिली होती. अमरावतीत क्लासमध्ये पोरांना जीवशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात भुतं रचायची, असा तिचा संसार. अकोल्याच्या हौशी मंडळींनी बोलावलं, म्हणून आज ती आपलं भूत घेऊन इथं आली होती.

“तुम्ही चौघं गावात शिरलात,” ती म्हणाली. “समोर पाटलांचा ओटा आहे. काय करता?”

एकानं कंदील पेटवला, दुसऱ्यानं काठी सरसावली, तिसरा विहिरीत डोकावला. चौथा म्हणाला, “मी ओट्यावर बसतो.”

“बसलात. मग?”

“बसूनच राहतो.”

“काहून पण?” वैतागली की वर्षालीची क्लासमधली भाषा पार पळून जायची.

“वाट पाहून राहिलो,” तो निरागसपणे म्हणाला. “कोनी पानी इचारते का म्हून.”

वर्षालीच्या हातातले फासे हातातच राहिले. हे वाक्य तिला पाठ होतं! साइटवर तिच्या मोहिमेखाली पाच अभिप्राय होते. चौघांनी पाच-पाच तारे उधळले होते. त्यांतली पहिली आत्येबहीण करिश्मा, ‘मस्तच गं ताई’वाली, आणि बाकीचे तिघं त्याच माळेतले मणी. एकानंही फाइल उघडली नव्हती. पाचवा होता कुणी ‘कोरडवाहू’. त्यानं दिले होते दोन. खाली लिहिलं होतं: भूत उत्तम. पण चार अनोळखी माणसं गावात येतात आणि कोणी चहा-पाणी विचारत नाही. कोणतं खेडं पाहिलं लेखिकेनं?

मराठी मोहिमा घेणारी मंडळी या कोरडवाहूचं वाचल्याशिवाय खिशात हात घालत नसत. त्या दोन ताऱ्यांनंतर राखणदाराकडं कुणी फिरकलंच नाही.

“कोरडवाहू... तुम्ही?”

त्याचे कान लाल झाले. “श्याम. फुलायचं दुकान हाये आमचं. म्हंजे... लेखिका तुमीच का?”

“दोन तारे! घास गिळवत नव्हता मला त्या दिवशी.”

“भुताचे देल्ले ना. गावाचे कापले.”

“माझे बाबा शेतकरी आहेत. आणि मला विचारता, कोणतं खेडं पाहिलं?”

“मंग त एकच द्याले पायजे होता,” श्याम गंभीरपणे म्हणाला. “माहीत असूनई लिवलं नाही तुमी.”

सगळे खो-खो हसले. वर्षालीनं रागवायचं अगदी ठरवलं होतं, पण हसू तिच्याआधीच ओठांवर येऊन बसलं.

संध्याकाळी तो तिला स्टेशनवर सोडायला आला. छत्री त्याची, पण भिजत होता तोच. छत्रीची दांडी धरलेली त्याची बोटं झेंडूनं पिवळी झाली होती, आणि शर्टाला शेवंतीचा वास येत होता. गाडी सुटल्यावरही तो वास तिच्या ओढणीत राहिला... आणि तिनं ती ओढणी लवकर धुतली नाही. उगाच.

मग काय, फोन सुरू झाले. गावात दुपारी ओट्यावर कोण बसतं, यावरून भांडणं झाली. मग कधीतरी अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापुरात भेटायचं ठरलं. बंद पडलेल्या छोट्या नॅरोगेज गाडीच्या रुळांत गवत माजलं होतं. त्या रुळांवरून तोल सावरत चालताना त्यानं हात पुढे केला, तिनं धरला, आणि रूळ संपल्यावर सोडायचा असतो हे दोघंही विसरले.

“नवीन मोहीम इथलीच लिहिते आहे,” ती म्हणाली. “सांगू?”

“नोको. पुरी झाली का इकत घेईन आन् खेळीन. मंग सांगीन काय ते.”

“खरं सांगाल?”

“दुसरं येत नाही मले.”

हीच तर पंचाईत होती! वर्षालीनं मनाशी पक्कं केलं होतं: यावेळीही श्यामनं दोन तारे दिले, तर लिहिणं बंद. जो माणूस खोटं बोलत नाही त्यालाच आपलं लिहिलेलं आवडलं नाही, तर कुणासाठी लिहायचं? हे तिनं कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच.

नवरात्राच्या तोंडावर ‘छोट्या गाडीचा शेवटचा डबा’ साइटवर आली. श्यामचा निरोप आला: घेतली, रविवारी खेळतो. रविवार गेला. तो फुलांच्या भावाबद्दल बोलला, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला, मोहिमेबद्दल अवाक्षर नाही. करिश्माचे पाच तारे तेवढे इमानदारीत येऊन पडले. वर्षाली क्लासमध्ये शिकवता शिकवता फोन उघडायची, पान पाहायची, बंद करायची. इतकं वाईट झालंय का, की त्याला सांगवतही नाही?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्यानं राहवेना. तिनं सरळ अकोल्याची गाडी पकडली.

दुकानात झेंडूचा ढीग छातीपर्यंत आला होता, आणि त्यामागं श्याम सुई-दोरा घेऊन हार ओवत होता. तिला पाहिलं आणि त्यानं सुई बोटात टोचून घेतली.

“खेळलात?”

“खेळलो.”

“मग?”

“थांबा जरा... गिऱ्हाईक हाये.”

गिऱ्हाईक गेलं. कोपऱ्यातलं क्रेट तिनंच ओढलं आणि बसली. “वाईट असेल तर एक तारा द्या. पण असं गप्प नका ना राहू, श्याम! बाकी सगळे माझे नातेवाईक आहेत. खरं बोलणारे एकटे तुम्ही.”

“तेच त,” तो पुटपुटला.

“काय तेच?”

“तारे द्याच्या आंधी ते साइटवाले इचारतात, लिवनाऱ्याशी तुमचं काई नातं हाये का म्हून. असन त तारे देता येत नाही.”

“मग नाही म्हणून टाकायचं. करिश्मानं टाकलंच ना?”

“लय खेपा उघडलं मी ते पान.” त्याची नजर हारावरून हलेना. “त्याच सवालापाशी येऊन अडतो. नाही म्हनवत नाही मले.”

बाजाराचा गलका एकदम लांब गेला. तिनं अगदी हळू विचारलं, “नातं... आहे का?”

“माह्या इकून हाये,” श्याम म्हणाला. “तुह्या इकडचं तुले माहीत.”

तो ‘तुमी’वरून ‘तू’वर आला होता, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

“आणि मोहीम?”

“फाटकावरची ते म्हतारी भाकर देते ना चौघायले? तिथं आमच्या खेळातला सागर रडला. फासे ठेवून रडला. म्या बी...” त्यानं मान खाली घातली. “पन हे म्या लिवलं, त आता कोन खरं मानन?”

म्हणजे ज्या ताऱ्यांची इतकी वाट पाहिली, ते आता कधीच मिळणार नव्हते. वर्षालीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण आनंद एवढा दाटून आला, की त्या वाईट वाटण्याला बसायला जागाच उरली नाही. आज घरी जाऊन तिसरी मोहीम लिहायला घ्यायची, हे तिचं तिथंच ठरून गेलं.

डोळे पुसून तिनं चेहरा कडक केला. “श्याम, मी अमरावतीहून आली. उन्हाची आली. बसाले क्रेट माह्यं मीच ओढलं. पानी नाही, चहा नाही... कोनतं खेडं पाह्यलं तू?”

श्याम असा हसला, की मांडीवरचा हार घरंगळून खाली गेला, आणि चपला न घालताच तो समोरच्या टपरीकडं धावला.

ढिगासमोर आता एकटी वर्षाली. तेवढ्यात एक बाई पिशवी पुढं करत आल्या. “झेंडू द्या व बाई. आन् शेवंतीचा भाव काय?”

“थांबा ना जरा, ते चहा आनाले गेले,” वर्षाली गडबडीनं म्हणाली.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काहून व, श्यामच्या घरच्या काय तुमी?”

“अजून नाही,” ती बोलून गेली.

आणि वळून पाहते तर मागं श्याम. दोन्ही हातांत चहाचे ग्लास, चहा बोटांवर सांडत होता, आणि त्याला भाजत असल्याचं भानच नव्हतं.