नऊ नंबरच्या भिंतीतला आवाज

येरेने तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात चाळणीने मैदा भुरभुरवला, हात झटकले आणि चार पावलं मागे सरकून आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं.

"आता इथून उंदीर गेला की पावलं उमटलीच म्हणून समजा," तो म्हणाला.

"आणि पाहुणा गेला तर?" तोन्काने विचारलं.

"तर पाहुण्याची उमटतील. मोठी असतात ती. ओळखू येतात."

मिर्ता आपल्या या दोन दोस्तांच्या मागे चीजचा तुकडा धरून उभी होती. मैदा आणि चाळणी तिनेच आईची नजर चुकवून स्वयंपाकघरातून आणली होती. येरेने हात पुढे केला तसा तिने चीज त्याच्या हातावर ठेवलं. उंदीर सापडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं.

झादर शहराच्या जुन्या बंदरामागे, दोन माणसं शेजारीशेजारी चालली तर खांदे घासतील अशा गल्लीत, मिर्ताच्या आईचं बोनाका हॉटेल होतं. लिफ्ट नाही, न्याहारीला ब्रेड, चीज आणि अंजिराचा मुरंबा, आणि शहरात यापेक्षा स्वस्त खोली शोधून मिळाली नसती. दर जूनमध्ये तिथे लेर्काबाई यायच्या. त्या समुद्रापासून दूरच्या, मक्याच्या शेतांच्या मुलखातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना नेहमी नऊ नंबरचीच खोली हवी असायची, कारण तिच्या खिडकीतून बोटी बंदरात शिरताना दिसत.

आदल्या दिवशी बाईंनी तक्रार केली होती, की भिंतीच्या आत कुणीतरी खरवडतंय. मिर्ताच्या आईने, नेवेन्काने, लगेच वर जाऊन भिंतीला कान लावला. नेमकं त्या वेळी काहीच वाजलं नाही. जुनी इमारत आहे, नळ कुरकुरतात, असं सांगून तिने बाईंना पहिल्या मजल्यावरची खोली दिली आणि खाली येऊन स्वयंपाकिणीला हळूच म्हणाली, "वय झालं आता त्यांचं."

बाई तेव्हा जिन्यातच होत्या. मिर्ताने त्यांना ते ऐकताना पाहिलं. त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला आणि त्या आल्या पावली परत फिरल्या.

येरे आणि तोन्काला मात्र बाईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. बाईंनी ऐकलं म्हणजे ऐकलं, भिंतीत उंदीर असणारच, असं म्हणत त्यांनी मोहीम सुरू केली. मिर्ता हॉटेलवालीची मुलगी, तेव्हा ती सोबत हवीच.

आज सकाळी मिर्ता बाईंची राहिलेली उशी आणायला नऊ नंबरमध्ये गेली होती. सहज म्हणून तिने भिंतीला कान लावला. आत खरखर होती. मग अगदी बारीक, धारदार चिरचिर ऐकू आली. उंदीर तसा ओरडत नाही. तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी आपटलं. एक पाकोळी, लांब पंखांचं ते काळं पाखरू, नव्या गिलाव्यावर येऊन धडकली, नखांनी लोंबकळली, घसरली आणि किंचाळत गल्लीवरून वळसा घेऊन पुन्हा तिथेच येऊन धडकली. वळचणीखाली जिथे तिचं भोक होतं, तिथे आता पांढराशुभ्र, गुळगुळीत चुना होता.

मिर्ता उशी पोटाशी धरून तशीच उभी राहिली.

ती भोकं बुजवायचा हट्ट तिचाच होता. कुणा पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं होतं, की या हॉटेलात पहाटेपासून पाखरं किंचाळतात आणि गच्चीवर घाण करतात. वर्गातल्या एकाने ते पोहायच्या जागी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तेव्हापासून बोनाकाचं नाव 'पाखरांची धर्मशाळा' पडलं. मिर्ता त्या दिवशी केस न पुसताच घरी आली होती. तिने आईच्या मागे भुणभुण लावली आणि शेवटी मामाला गाठलं. शिमेमामा परांचीवर चढून हॉटेलचा दर्शनी भाग रंगवत होता.

"बुजवतो की," मामा म्हणाला. "पण आधी माळ्याच्या झरोक्यातून डोकावून ये. आत घरटी नाहीत ना, बघ. माझे हात चुन्याने भरलेत."

खाली गल्लीत येरे आणि तोन्का खांद्यावर टॉवेल टाकून तिला हाका मारत होते. मिर्ता जिन्याच्या वळणापर्यंत गेली. वर माळा तापलेला, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेला. तिथे ती क्षणभर थांबली आणि मागे फिरली. "काही नाही मामा. रिकामी आहेत सगळी," तिने सांगितलं. मग ती पोहायला पळाली.

आता हे सांगायचं कसं? संध्याकाळपर्यंत ती सांगायचं म्हणत राहिली. मैद्यात एका जर्मन पाहुण्याची पावलं उमटली, त्यावरून तोन्का पोट धरून हसली, तेव्हाही मिर्ता हसली. येरेने चीज तसंच राहिलेलं पाहून उंदीर फार हुशार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिने मानही डोलावली. प्रत्येक मान डोलावण्याबरोबर सांगणं आणखी अवघड होत गेलं.

मग ती टॉवेल द्यायला पहिल्या मजल्यावर गेली. लेर्काबाईंचं दार उघडंच होतं. पलंगावर बॅग पसरली होती आणि बाई पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर मुलाशी बोलत होत्या.

"तू म्हणतोस तसंच करू," त्या म्हणाल्या. "घर विकून टाक. त्या वृद्धाश्रमात जागा बघ. अरे, मला आता भिंतीतून आवाज यायला लागलेत. एकटीने राहायचे दिवस संपले माझे."

मिर्ताने टॉवेल दाराच्या कडीला अडकवले आणि ती धावत सुटली. येरे आणि तोन्का बंदराच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसले होते.

"उंदीर नाहीत," ती धापा टाकत म्हणाली. "पाकोळ्यांची पिल्लं आहेत. आत कोंडलीयेत. मामाने भोकं बुजवली ना, तेव्हापासून."

ती एवढंच बोलली. मामाने आधी काय विचारलं होतं आणि तिने काय उत्तर दिलं होतं, ते तिने गाळलं.

तोन्काला थांबणं माहीतच नव्हतं. ती तशीच ओल्या पायांनी शिमेमामाकडे गेली. मामा ब्रश धूत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. भोकं रिकामी होती, आधी बघून घेतलं होतं, असं तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याची नजर सहज मिर्ताकडे गेली. मिर्ता आपल्या सँडलचा पट्टा बघत राहिली. मामा पुढे म्हणाला, की परांची उद्या संध्याकाळी उतरणार, परवापासून समोरच्या बेटावर दुसरं काम आहे, आणि मुलांनी उगाच कुणाचं डोकं खाऊ नये.

"मोठ्या माणसांना सांगून उपयोग नसतो," परतताना तोन्का म्हणाली. "त्यांना ऐकवावं लागतं."

"त्यांच्या कानाशी भिंत कशी नेणार?" येरेने विचारलं.

"भिंत कशाला? कान भिंतीशी नेऊ."

शिमेमामा दुपारी जेवला की झोपायचा, मग जगबुडी आली तरी बेहत्तर. रोज तो सामानाच्या खोलीतल्या बाकड्यावर आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तळलेले तारली मासे आणि बटाट्याची भाजी खाऊन तो उठला, तेव्हा येरे त्याच्यासमोर उभा राहिला आणि भोळेपणाने म्हणाला, की नऊ नंबर रिकामी आहे, वर समुद्राचा वारा येतो, आणि गादीही नवी आहे. मामाने जांभई दिली आणि तो जिना चढला. पलंगाची उशाकडची बाजू तिघांनी सकाळीच त्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

तिघं बोळात दाराला कान लावून बसली. आतून पलंग करकरला. मग घोरणं सुरू झालं.

"हा तर मेल्यासारखा झोपला," तोन्का कुजबुजली. "याच्या घोरण्याने पिल्लंच घाबरतील."

येरेने तोंडात मूठ कोंबली. मिर्ताला हसू आलं नाही. आतली चिरचिर कालच्यापेक्षा क्षीण झालीये, हे तिला सकाळीच कळलं होतं. आता ती अजिबात थांबली तर? आपण आत्ता उठून दार वाजवावं, मामाला हलवून जागं करावं आणि सगळं सांगून टाकावं, असं तिच्या मनात येत होतं. पण ती दाराला कान लावूनच बसून राहिली.

घोरणं अचानक तुटलं. मग पलंग पुन्हा करकरला, पावलं वाजली, भिंतीवर बोटाने टकटक झाली. दार उघडलं. मामा बनियनवर, नुसत्या मोज्यांनिशी उभा होता, आणि त्याचा चेहरा झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हता.

"येरे, छिन्नी आण. छोटी," तो म्हणाला. "आणि पुठ्ठ्याचं खोकं. पळ."

तो खिडकीतूनच परांचीवर उतरला. सगळं हॉटेल गल्लीत जमलं. नेवेन्का ओले हात घेऊन आली, स्वयंपाकीण आली, जर्मन पाहुणा आला. निघायच्या तयारीत असलेल्या लेर्काबाई बॅग हातात घेऊनच दारात थांबल्या. वर पाकोळ्या मामाच्या डोक्याभोवती किंचाळत घिरट्या घालत होत्या. तो अगदी हलक्या हाताने चुना काढत होता, जणू काचेवर काम चाललंय.

पहिल्या भोकात तीन पिल्लं निघाली. काळपट, डोळे मिटलेली, थंड पडत चाललेली, पण हाताची ऊब लागताच तोंडं उघडणारी. मामाने ती चाचपून पाहिली आणि तिथेच राहू दिली. तो थोडा बाजूला सरकतो न सरकतो तोच एक पाकोळी बाणासारखी आत शिरली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या भोकाशी मामा जास्त वेळ थांबला. मग त्याने खिडकीतून येरेकडून खोकं घेतलं, आत काहीतरी ठेवलं आणि झाकण लावलं. मिर्ता खिडकीतच उभी होती. खोकं तिच्या हातात देताना मामाने तिच्याकडे पाहिलं. खोक्याला वजनच नव्हतं, आणि आत काहीच हालत नव्हतं.

चारच्या सुमाराला तळमजल्यामागच्या उघड्या गच्चीवर कलिंगड कापलं गेलं. नेवेन्का लेर्काबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा माफी मागत होती. बाई मान हलवत होत्या, आणि ती मान आता पुन्हा ताठ झाली होती. शिमेमामाने सगळ्यांसमोर कबूल केलं, की चूक त्याची. भोक बुजवायच्या आधी त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. मिर्ताचं नाव त्याने काढलं नाही.

मग कौतुकाला सुरुवात झाली. येरेची पाठ थोपटली गेली, तोन्काच्या डोक्याची तारीफ झाली. लेर्काबाई मिर्ताजवळ आल्या.

"या मुलीने माझे कान मला परत दिले," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "सगळ्यांनी मला म्हातारी ठरवलं, आणि हिने ऐकलं."

मिर्ताच्या हातातली कलिंगडाची फोड टेबलावर पडली. रस कोपरापर्यंत ओघळत होता, तो तिने पुसला नाही.

"मामाने मला बघायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज इतका लहान आला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "घरटी आहेत का, ते. मी गेलेच नाही. रिकामी आहेत म्हणून सांगितलं. आणि काल सकाळी मला कळलं होतं, बाई. तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा मला माहीत होतं."

येरेने तिच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. काल दिवसभर त्याने मैदा चाळला होता. नेवेन्काचा चेहरा लाल झाला.

"तू म्हणालीस आणि मी लगेच मानलं," शिमेमामा सावकाश म्हणाला. "कारण मलाही काम उरकायचं होतं. पण मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. माझ्या वाट्याचं माझ्याकडेच राहू दे."

लेर्काबाई खुर्चीवर बसल्या.

"मी तुझ्यावर रागावले आहे," त्या मिर्ताला म्हणाल्या, वर्गात म्हणावं तसं स्पष्ट. "काल रात्रभर मी रडले. ते तू थांबवू शकली असतीस. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस."

"हो, बाई."

"पण कौतुक चालू असताना हे सांगायला माझ्या वर्गातलं एकही पोर उठलं नसतं. तेही लक्षात ठेव." मग त्या नेवेन्काकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, नऊ नंबर रिकामीच आहे ना? त्यांना आणखी आठवडाभर राहायचं होतं. पिल्लं उडेपर्यंत शक्य नसलं, तरी जमेल तितकं.

मिर्ताने बॅग उचलली. बाई एकदाही मागे न बघता तीन जिने चढल्या, आणि ती चार पायऱ्या मागे राहून चढत गेली. मागून पावलं वाजली. तोन्का होती. तिने न विचारता बॅगचा दुसरा बंद धरला. येरे खालीच थांबला होता. त्याला आज राग काढायचा होता, आणि मिर्ताला ते बरोबरच वाटलं.

खोलीत आल्यावर बाईंनी खिडकी सताड उघडली. वळचणीखाली पंखांची फडफड झाली आणि आतून तीच बारीक, धारदार चिरचिर आली. बाईंनी फोन काढून मुलाला लावला.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि फोन भिंतीशी धरला. थोड्या वेळाने तो कानाला लावून त्या शांतपणे म्हणाल्या, "ऐकलंस ना तूही? मग घर विकायचं नाही. मी घराच्या दारांना रंग देणार आहे या वर्षी."